शंभरी गाठणाऱ्या भजनी मंडळाला सरकारी सन्मान मिळतो का? १९५३च्या आधीचे पुरावे कुठं शोधायचे?

करवीर_टाळकरी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेतलं एक भजनी मंडळ आहे. पाटीवर ‘स्थापना : माघ शुद्ध दशमी, शके १८४८’ असं लिहिलंय. धर्मादाय कार्यालयातली नोंदणी मात्र १९५३ची. सगळे सभासद नोकरी-धंदा सांभाळून गाणारे-वाजवणारे. सप्ताहाला बोलावलं तर बिदागी मिळते, ती मंडळाच्या खात्यात जाते, वैयक्तिक कुणी घेत नाही. बैठक तालमीच्या (कुस्तीच्या आखाड्याच्या) वरच्या खोलीत.

शताब्दी २०२६मध्ये धरायची असं कार्यकारिणीत चाललंय. त्यावरून चार प्रश्न :

जर्मनीत शंभर वर्षं पूर्ण केलेल्या हौशी गायन मंडळांना तिथले राष्ट्राध्यक्ष पदक देतात म्हणे. ते नेमकं कसं असतं?

आपल्याकडं राज्याचा किंवा केंद्राचा असा काही सन्मान आहे का?

१९५३च्या आधीचा काळ कागदावर सिद्ध करायला काय लागतं? प्रोसिडिंगच्या पहिल्या दोन वह्या मोडीत आहेत, मधल्या काही सापडत नाहीत.

तालमीचा इतिहास आणि मंडळाचा इतिहास एकात एक गुंतलाय. त्याचं काय करायचं?

---

ऱ्हाइनकाठचा_कोल्हापुरी

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. पदकं दोन आहेत. गाणाऱ्या मंडळांना त्सेल्टर पदक आणि वाद्यवृंदांना प्रो म्युझिका पदक. पहिलं राष्ट्राध्यक्ष थिओडोर हॉइस यांनी १९५६ साली सुरू केलं, दुसरं हाइनरिश ल्युब्के यांनी १९६८ साली.

त्सेल्टर हा माणूस मुद्दाम निवडलेला आहे. कार्ल फ्रीडरिश त्सेल्टर (१७५८ ते १८३२) पेशानं गवंडीकामाचे उस्ताद. बर्लिनची गायन अकादमी त्यांनी १८००पासून सांभाळली, मेंडेल्सोनला शिकवलं, आणि टेबलाभोवती बसून जेवता-जेवता गाणाऱ्या हौशी पुरुषांची मंडळी उभी केली. हौशी संगीताच्या पदकाला दरबारी गवयाचं नाव न देता गवंड्याचं दिलं, हे मला तरी फार योग्य वाटतं.

अटी थोडक्यात अशा : मंडळ हौशी हवं. किमान शंभर वर्षं अस्तित्व कागदानिशी दाखवता आलं पाहिजे. त्या काळात गाणं-वाजवणं खरोखर चालू होतं हे दिसलं पाहिजे आणि आजही चालू असलं पाहिजे. नुसतं नाव जिवंत आणि वर्षाला एक सभा, असल्या मंडळाला मिळत नाही. युद्धामुळं पडलेला खंड मंडळाच्या विरोधात धरत नाहीत. पदक एकदाच मिळतं. १२५ किंवा १५० वर्षांना पुन्हा नाही.

आणि ते आपोआप येत नाही, मंडळानं अर्ज करावा लागतो. अर्ज साधारण आदल्या वर्षाच्या मध्यापर्यंत द्यायचा असतो. संगीत महासंघांमार्फत तो शिफारस समितीकडं जातो, समिती कागद तपासते, मग राष्ट्राध्यक्षांच्या सहीचं प्रमाणपत्र आणि पदक. दर वसंतात एका शहरात मोठा सोहळा होतो. तिथं प्रातिनिधिक म्हणून एका गायनवृंदाला आणि एका वाद्यवृंदाला प्रत्यक्ष देतात, बाकीच्यांना आपापल्या राज्यात किंवा गावात समारंभपूर्वक.

पैसा एक छदाम नाही. तरी मंडळं दोन-दोन वर्षं आधीपासून दप्तर लावतात. कारण त्या अर्जाच्या निमित्तानं सगळी कागदपत्रं पहिल्यांदा एका जागी येतात.

‘हौशी’च्या व्याख्येबद्दल : दिग्दर्शकाला मानधन दिलं तर मंडळ व्यावसायिक ठरत नाही. गाणाऱ्यांचं पोट त्यावर चालतं का, एवढाच प्रश्न. त्या मापानं तुमची बिदागी अजिबात आडवी येत नाही.

शेजारी नेदरलँड्समध्ये पन्नास वर्षांच्या संस्थेला राजाचं सन्मानपदक मिळू शकतं आणि शंभर वर्षांनंतर नावामागं ‘राजेशाही’ असं बिरुद लावण्याची परवानगी. तिथं अर्ज गावच्या महापौरामार्फत जातो. आपल्याकडं नावाला जोडायचं असलं बिरुद राज्यघटनेच्या कलम १८मुळं बसणार नाही. पदक किंवा मानपत्र मात्र बसतं.

---

दप्तरदार_६३

टाळकरीसाहेब, आधी साल नीट करून घ्या, मग पत्रिका छापा.

शके १८४८ अधिक ७८ म्हणजे १९२६, असं कुणीतरी केलेलं दिसतंय. ते चैत्रापासून इंग्रजी डिसेंबर संपेपर्यंतच चालतं. पौष अर्ध्यात इंग्रजी वर्ष बदलतं, म्हणून माघ-फाल्गुनाला ७९ मिळवायचे. माघ शुद्ध दशमी शके १८४८ म्हणजे फेब्रुवारी १९२७. तुमची शंभर वर्षं फेब्रुवारी २०२७मध्ये भरतात. २०२६मध्ये समारंभ केला आणि नंतर कुठं अर्ज केला, तर तुमच्याच पत्रिकेवरचं साल तुमच्या पुराव्याशी भांडेल. एकदा छापलं की ते खोडता येत नाही.

आता १९५३. ह्या तारखेनं घाबरून जाऊ नका. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यानंतर मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० आला आणि संस्थानातल्या बऱ्याच जुन्या मंडळांनी १९५२-५३च्या आगेमागे नोंदणी केली. त्यामुळं कोल्हापुरात १९५३ हे नोंदणीचं साल असणं म्हणजे ‘संस्था त्याच्या आधीची आहे’ याचाच इशारा बहुतेक वेळा असतो. पण इशारा म्हणजे पुरावा नव्हे.

पुरावा त्याच धर्मादाय कार्यालयात पडलेला असतो आणि लोक तो बघत नाहीत. सगळे फक्त नोंदणी प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन फिरतात. त्यावर नाव, क्रमांक आणि तारीख सोडून काही नसतं. तुम्हाला पाहिजे तो परिशिष्ट १चा उतारा, ज्याला सगळे पी.टी.आर. (पब्लिक ट्रस्ट रजिस्टर) म्हणतात. त्यात विश्वस्तांची नावं, वारसाची पद्धत, उद्देश, मिळकत यांच्याबरोबर दोन रकाने असतात : विश्वस्त व्यवस्था निर्माण करणाऱ्या दस्ताचा तपशील, आणि दस्त नसेल तर निर्मितीबद्दलची इतर माहिती. ह्या दुसऱ्या रकान्यात ‘अंदाजे २५ वर्षांपूर्वी अमुक पेठेतील भाविकांनी सुरू केले’ अशा छापाची ओळ असायची शक्यता दांडगी. १९५३ साली सरकारी नोंदवहीत उतरलेलं ते वाक्य आजच्या दहा प्रतिज्ञापत्रांपेक्षा वजनदार आहे, कारण तेव्हा शताब्दीचा लोभ कुणाला नव्हता.

तेवढ्यावर थांबू नका. कलम १८खाली केलेला मूळ अर्ज आणि कलम १९ची चौकशी झाल्यावरचा आदेश, दोन्हींच्या प्रमाणित नकला मागा. मूळ अर्जाला तेव्हाच्या पंचांनी काय जोडलं होतं ते तिथंच कळतं. नक्कल अर्जात नोंदणी क्रमांक अक्षरासकट लिहा. तुमचा क्रमांक ‘ए’नं सुरू होतो, ‘ई’नं की ‘एफ’नं, हे आधी बघा. ‘ए’ म्हणजे हिंदू धार्मिक, ‘एफ’ म्हणजे सोसायटी. सोसायटी असाल तर १८६०च्या कायद्याखालची वेगळी नोंदणी आणि घटना-नियमावली असणार, तिची नक्कल वेगळी मागावी लागते. अक्षर चुकलं की भलत्याच संस्थेची फाईल समोर येते आणि महिना जातो.

आता जिथं बहुतेक मंडळांचं गाडं अडतं ती गोष्ट : चेंज रिपोर्ट. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत कलम २२खाली बदल अर्ज द्यायचा असतो. भजनी मंडळांत हे कोण करतंय? रेकॉर्डवर विश्वस्त म्हणून अशी माणसं असतात की त्यातली निम्मी वारलेली. मग आजच्या सचिवानं सही केलेला कुठलाही अर्ज कुठंही दिला, तरी पहिला शेरा ‘अर्जदार अभिलेखावर नाही’. आज हे पहिलं काम हाती घ्या. विलंब माफीचा अर्ज, मागच्या प्रत्येक निवडीच्या सभेची नोटीस, इतिवृत्त, हजेरीच्या सह्या, मयत विश्वस्तांचे मृत्यू दाखले, नव्यांची संमतीपत्रं. मधल्या तीन निवडी गाळून थेट शेवटची दाखवायची हुशारी करू नका. साखळी तुटलेली दिसली की चौकशी लांबते. २०२७साठी हे आत्ताच दाखल व्हायला हवं.

हिशेबही तसेच. ताळेबंद शेड्यूल आठ, जमाखर्च शेड्यूल नऊ, शिवाय तपासनिसाचा अहवाल. निदान अलीकडची तीन वर्षं तरी पूर्ण करून ठेवा. कुठलंही अनुदान मागताना ते विचारतातच.

---

मोडी_आणि_बरंच_काही

दप्तरदारकाकांनी १९५३ची बाजू सांगितली. त्याच्या आधीचं मी सांगते.

मोडीतल्या वह्या तुमचं खरं धन आहे. आधी स्कॅन, मग वाचन. वहीची पानं ३०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय, रंगीतच. काळं-पांढरं स्कॅन केलं की फिकट शाई आणि कागदाचे डाग एकच दिसतात. मोबाईलनं काढणार असाल तर वही १८० अंशात उघडून दाबू नका, शिवण तुटते. दोन बाजूंना उशी किंवा घडी केलेली चादर देऊन निम्मी उघडा. प्रत्येक फोटोत पानाचा क्रमांक दिसला पाहिजे. नसेल तर मऊ शिसपेन्सिलनं कोपऱ्यात टाका, बॉलपेननं नाही.

लॅमिनेशन कुणी सुचवलं तर त्याला चहा पाजून परत पाठवा. टाक-दौतीच्या जुन्या शाईत बऱ्याचदा लोहाचा अंश असतो. ती कागद आधीच खात असते, त्यात गरम प्लास्टिकमध्ये बंद केलं की ओल आणि आम्ल दोन्ही आत कोंडतात. वर ते परत सोडवता येत नाही. सेलोटेपही नको. त्याचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन अक्षरांवर उतरतो.

लिप्यंतर करताना मोडीतली ओळ आणि खाली देवनागरी ओळ असं समोरासमोर करून घ्या. फक्त ‘सारांश’ घेऊ नका. शेवटी वाचणाऱ्याचं नाव, त्याची मोडीची पात्रता, सही, तारीख. पुराभिलेख खात्याची मोडी प्रशिक्षणं होतात, त्यातून तयार झालेले वाचक कोल्हापुरात आहेत. मोडीत अंक वाचताना घाई नको : घसटून लिहिलेले ५ आणि ४ सहज एकमेकांसारखे दिसतात. तारखेची खात्री तिथी आणि वार जुळवून करा. तिथी, वार, शक तिन्ही एका पंचांगात बसले तर वाचन बरोबर. वार चुकतोय म्हणजे बहुतेक शकाचा एक अंक चुकलाय.

मंडळाबाहेरचे पुरावे जास्त मोलाचे, कारण ते मंडळानं स्वतः तयार केलेले नसतात. कुठं बघायचं :

संस्थानचं दप्तर. १९२७ म्हणजे राजाराम महाराजांची कारकीर्द. कोल्हापूरच्या पुरालेखागारात संस्थानी कागद आहेत. ‘आमच्या मंडळाचं काही आहे का’ असं विचारलं तर उत्तर नाही येईल. खातं विचारा : देवस्थान, खासगी, उत्सवांचा खर्च. पालखीला, सप्ताहाला किंवा उत्सवाला भजन केल्याबद्दल बिदागी दिल्याची एक ओळ सापडली तरी बास. करवीर सरकारचं गॅझेटही चाळा.

करवीर नगर वाचन मंदिर. १८५० सालची संस्था आहे, जुने अंक आणि नियतकालिकं तिथं बघता येतात. शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयातही विचारा. बातमी शोधताना मंडळाच्या नावापेक्षा तिथीच्या मागोमाग जा. माघ दशमी, कार्तिकी, गोकुळाष्टमी यांच्या पुढच्या तीन-चार दिवसांचे अंक काढा, स्थानिक वार्तांमध्ये दोन ओळींत ‘भजनाचा कार्यक्रम झाला’ एवढंच असतं.

घरफाळा, म्हणजे मालमत्ता कर. जागा तालमीची असली तरी वरच्या खोलीचा वापर कुणाचा, हे जुन्या आकारणी नोंदीत कधीकधी निघतं. नगरपालिका १८५४ची आहे, महापालिका १९७२ची. १९७२च्या आधीचं रेकॉर्ड वेगळं बांधलेलं असतं हे अर्जात स्पष्ट लिहा. माहिती अधिकारातला १० रुपयांचा अर्ज इथं कामाला येतो. सिटी सर्व्हेचं मालमत्ता पत्रकही काढून ठेवा.

आणि भांडी! समई, घंगाळ, पितळी पंचारती, विण्याची पेटी. दान देणारा नाव, गाव, शक कोरून घ्यायचा. फोटो काढायच्या आधी चिंच लावून लख्ख करायचा मोह आवरा. खाचेत साठलेली काळवंडी निघाली की अक्षरंच दिसेनाशी होतात. खोलीत अंधार करा, मोबाईलची बॅटरी समईला जवळजवळ टेकवून बाजूनं धरा. समोरून उजेड पाडला तर पितळ नुसतं चमकतं. आडव्या उजेडात खाचांची सावली पडते आणि पुसट झालेला शकही वाचता येतो. बॅटरी चारही बाजूंनी फिरवून चार फोटो घ्या, उभ्या रेघा एकात उठतात, आडव्या दुसऱ्यात.

वाद्यं मात्र पुरावा म्हणून देऊ नका. जुन्या पेटीत (हार्मोनियममध्ये) जर्मन सूर आहेत एवढ्यानं ती १९२७ साली मंडळात होती असं होत नाही, पेट्या हातोहात विकल्या जातात. पेटी घेतल्याची पावती किंवा कीर्दीतली (रोजच्या जमाखर्चाच्या वहीतली) नोंद असेल तर ती द्या.

---

करवीर_टाळकरी

दोघांचेही आभार. फेब्रुवारी २०२७चं आजच्या बैठकीत सांगतो, पत्रिका अजून छापायला गेल्या नाहीत ते बरं.

मधल्या वह्यांबद्दल जुनी मंडळी दोन गोष्टी सांगतात. काही १९४८च्या जाळपोळीत गेल्या, आणि काही २०१९च्या पुरात एका सभासदाच्या घरी भिजल्या. त्या भिजलेल्या वह्या अजून पोत्यात तशाच आहेत. उघडाव्या का?

---

मोडी_आणि_बरंच_काही

वाळून वीट झाली असेल तर घरी उघडू नका. पुराच्या पाण्यातला गाळ आणि कागदाची खळ मिळून पानं चिकटतात, नखानं सोडवली की वरचा थर अक्षरांसकट दुसऱ्या पानावर जातो. पोत्यातून काढून, बुरशी आहे असं धरून, मास्क लावून कोरड्या हवेशीर खोलीत जाळीवर ठेवा. उन्हात नाही. नंतर कागद-संवर्धन जाणणाऱ्याकडं द्या. तोवर बाहेरच्या पुठ्ठ्याचा आणि कडांचा फोटो घ्या, कधीकधी पुठ्ठ्यावरच ‘सन अमुक ते अमुक’ असतं आणि तेवढ्यानं एक दुवा जुळतो.

पुढच्या पुरासाठी लक्षात ठेवा : ओली वही दोन दिवसांच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली तर बुरशी थांबते आणि सवडीनं सोडवता येते. दोन दिवस गेले की बुरशी धरतेच.

जळालेल्याबद्दल ‘जळाल्या’ एवढंच लिहून चालत नाही. नंतरच्या एखाद्या इतिवृत्तात ‘मागील वह्या उपलब्ध नसल्याने नवीन वही घातली’ असा ठराव शोधा. मंडळं असा ठराव बहुधा करतात. तो सापडला तर हरवल्याचाही पुरावा झाला.

---

पेठेतला_पखवाजी

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कुणी देईना, म्हणून मी देतो. शंभर वर्षांच्या हौशी संगीत मंडळाला अर्ज केल्यावर ठरावीक निकषांवर मिळेल असं जर्मनीसारखं पदक आपल्याकडं नाही. पद्म पुरस्कार व्यक्तीला. राज्याचा पंडित भीमसेन जोशींच्या नावाचा जीवनगौरव व्यक्तीला. ज्ञानोबा-तुकाराम पुरस्कारही व्यक्तीलाच. आपल्याकडं माणसाचा सत्कार होतो, मंडळाचा क्वचितच. देवल क्लबसारखी शंभरी कधीच ओलांडलेली संगीत संस्था ज्या गावात आहे तिथं ही उणीव जास्तच दिसते.

संस्थेला जे मिळू शकतं ते तुकड्या-तुकड्यात :

भजनी मंडळांना वाद्यखरेदीसाठी २५ हजार रुपयांचं भांडवली अनुदान राज्यानं २०२५च्या गणेशोत्सवाच्या सुमारास जाहीर केलं, ऑनलाइन अर्जावर, मुदत जेमतेम दोन आठवड्यांची. अशा योजनांचं हेच असतं. जाहिरात आल्यावर कागद गोळा करायला निघालात तर मुदत संपते. नोंदणी, पॅन, संस्थेच्या नावाचं बँक खातं, पदाधिकाऱ्यांचा ठराव, कार्यक्रमांचे फोटो हे एका फायलीत आणि एका पेन ड्राइव्हवर कायम तयार पाहिजे. बँक खातं अध्यक्षाच्या वैयक्तिक नावावर असेल तर आज जाऊन बदला.

दुसरं, मंडळातल्या वयस्कर कलाकारांसाठी राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलाकार मानधन सन्मान योजना आहे, महिना पाच हजार. वयाची पन्नाशी, कलेतली किमान पंधरा वर्षं आणि उत्पन्नाची मर्यादा अशा अटी आहेत. पंधरा वर्षं सिद्ध करताना म्हातारी माणसं हात चोळत बसतात, कारण त्यांच्याकडं फोटो नाही, पत्रिका नाही. तुमचं दप्तर लागलं की प्रत्येकाच्या नावाच्या नोंदी पानासकट काढून प्रमाणित करून द्या. मला विचाराल तर पदकापेक्षा हे काम आधी.

तिसरं, टपाल खात्याचं शताब्दीनिमित्त विशेष आवरण, म्हणजे खास छापलेला लिफाफा. त्यासाठी मुख्य पोस्टमास्तर जनरलांच्या कार्यालयाकडं प्रस्ताव द्यायचा, खर्च बऱ्यापैकी संस्थेच्या अंगावर येतो. चित्र आणि मजकूर आधी मंजूर करून घ्यावा लागतो, म्हणून सहा-आठ महिने हाताशी ठेवा.

चौथं, महापालिकेचं किंवा जिल्हा प्रशासनाचं मानपत्र. ह्याला निकष नाहीत, त्यामुळं नगरसेवक, आमदार यांच्यामार्फत पत्र जातं. चांगला कागद जोडला तर ते नुसतं ओळखीपाळखीचं राहत नाही.

एक सावधगिरी. शताब्दीच्या पत्रिकेवर हौसेनं अशोकस्तंभ छापतात, लेटरहेडवर ‘शासनमान्य’ लिहितात. राजमुद्रेच्या वापरावर २००५चा कायदा आहे, खासगी संस्थेला ती वापरता येत नाही. आणि धर्मादाय नोंदणी म्हणजे शासनमान्यता नव्हे. ‘नोंदणी क्र. अमुक’ एवढंच छापा.

---

दप्तरदार_६३

पखवाजीभाऊंचं बरोबर आहे, फक्त एक जोडतो. पदक नाही म्हणून प्रस्ताव द्यायचाच नाही असं नाही. सांस्कृतिक कार्य संचालनालयाला अशा संस्थांच्या सन्मानाचा प्रस्ताव लेखी द्या, आवक क्रमांक घ्या. त्यात जर्मनीच्या अटी सरळ मांडा : शंभर वर्षं, हौशी, अखंड काम, अर्जावर, पैसा नाही. सरकारला खर्च पदकाचा आणि कागदाचा. एका मंडळाचं पत्र फायलीत जाईल. दहा-बारा जुन्या मंडळांनी एकाच मसुद्यावर सह्या केल्या तर निदान टिप्पणी तरी लिहावी लागते.

तालमीचा प्रश्न राहिला. कोल्हापुरात हे घरोघरचं आहे. तालीम आधीची, भजन नंतर तिच्यात सुरू झालं, पुढं दोघांची नोंदणी वेगळी झाली. तालमीचं साल मंडळाला लावू नका, कितीही जुनं असलं तरी. मंडळाचं साल म्हणजे ज्या दिवसापासून भजनाची वेगळी वर्गणी, वेगळा हिशेब किंवा वेगळे पंच दिसतात तो दिवस. कीर्दीत ‘भजन खाते’ असं स्वतंत्र पान पहिल्यांदा कधी आलं ते शोधा. तालमीकडून ठराव घ्या : अमुक सालापासून भजनी मंडळ आमच्या जागेत स्वतंत्र संस्था म्हणून चालते, जागेच्या वापराला आमची हरकत नाही. हा ठराव पुढं जागेच्या भानगडीतही उपयोगी पडतो. मात्र त्यात ‘मालकी’ हा शब्द येऊ देऊ नका, नाहीतर तालमीचे पंच सहीच करणार नाहीत.

फाईल कशी लावायची ते सांगतो. पहिल्या पानावर एक तक्ता : साल, पुरावा, कुणाकडचा, पान क्रमांक. १९२७पासून दर वर्षाला एक ओळ. ज्या सालाला काही नाही तिथं ओळ मोकळी ठेवा, गाळू नका. मोकळ्या ओळी सलग पाचच्या वर गेल्या तर तिथं जास्त शोध घ्या. कोविडची २०२० आणि २०२१ ही सालं सगळ्यांचीच मोकळी आहेत, तिथं जमावबंदी असं लिहून पुढं चला. ऑनलाइन भजन केलं असेल तर त्याचा दुवा आणि तारीख.

पुराव्याला तीन दर्जे द्या. सरकारी किंवा बाहेरच्या संस्थेचा कागद पहिला. मंडळाचा त्या काळचा कागद दुसरा. फोटो, कोरीव नोंद, पत्रिका तिसरा. वयस्कर सभासदांची प्रतिज्ञापत्रं सगळ्यात शेवटी, आणि त्यांनी स्वतः पाहिलेल्या काळापुरतीच. ऐंशी वर्षांच्या माणसाला १९२७ची शपथ घ्यायला लावली की तपासणारा बाकीच्या फाईलकडंही संशयानं बघतो.

तीन संच करा. मूळ कागद कुणालाही देऊ नका, साहेबांनी मागितले तरी ‘पडताळणीसाठी समक्ष आणतो’ म्हणा.

---

ऱ्हाइनकाठचा_कोल्हापुरी

तक्त्याला एक रकाना वाढवा : त्या वर्षी काय गायलं. इथल्या अर्जात कार्यक्रमपत्रिका जोडाव्या लागतात, आणि समितीचा कल नेहमी त्याकडंच असतो. मंडळ होतं एवढंच नाही, काय गात होतं. तुमच्याकडं भजनाच्या हस्तलिखित वह्या असतीलच. पहिल्या पानावर उतरवून घेणाऱ्याचं नाव आणि तिथी असते.

---

करवीर_टाळकरी

आहेत, सतरा-अठरा तरी असतील. त्यातली एक तालमीतल्या कपाटात लॅमिनेट करायला काढून ठेवली होती, ती आज परत आणली. चेंज रिपोर्टसाठी वकिलांकडं सोमवारी जातोय. पी.टी.आर. हातात आला की त्या रकान्यात काय लिहिलंय ते इथं टाकतो.